बिनकडीचा दासोह

विरुपाक्ष आप्पांच्या दुकानातल्या तराजूवर दरसाल नवा शिक्का असायचाच. वजनमापाचा साहेब पांगरवाडीकडं फिरकायच्या आधी आप्पा स्वतः वजनं पिशवीत घालून गेवराई गाठायचे, शिक्के मारून आणायचे आणि प्रमाणपत्र गल्ल्याच्या वर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर लावायचे. असा माणूस घरात वायफायचा डबा बसवून घेतोय म्हटल्यावर केबलवाल्या बंकटची उलटतपासणी होणारच होती.

"ह्याला सरकारची मान्यता हाय का?" डबा उलटापालटा करत आप्पांनी विचारलं.

"हाय ना. हे काय, बुडाला चिठ्ठी. मंजुरीचा नंबर हाय त्याच्यावर. बाहेरदेशचे बिगरमंजुरीचे डबे बी मिळतेत सस्तात, पण मी न्हाई बसवत."

"आन् हे मोबाइलवर काय इचारतंय?"

"देश कोन्ता ते. भारत टाकायचं. लहरी किती जोरानं सोडायच्या ह्याचं परतेक देशाचं माप ठरलेलं असतंय. काही पोरं जोर वाढावा म्हणून दुसराच देश टाकतेत. ते कायद्यात बसत न्हाई."

"म्हंजे आमच्या तराजूवानीच की!" आप्पा खूश झाले. "भारतच टाक बाबा. काटा मारायचा न्हाई."

हे सगळं चाललं होतं ते आत बाजेवर पडलेल्या शांतादेवीसाठी. लकव्यानं तिची डावी बाजू गेली त्याला वरीस होऊन गेलं होतं. शिवकीर्तन म्हणजे त्या बाईचा श्वास. श्रावणातल्या शिवनाम सप्त्यात बायकांत सगळ्यांच्या पुढं बसून टाळ वाजवणारी, कपिलधारच्या यात्रेला कधी खाडा न केलेली. आता मठ गावाच्या दुसऱ्या टोकाला आणि ती बाजेवर. लाउडस्पीकरचा आवाज वाऱ्यावर यायचा, पण अभंगाचं एक चरण यायचं आणि दुसरं कुठल्या तरी शेतात जायचं. सिद्धाराम महाराजांचं कीर्तन मठातून मोबाइलवर थेट दाखवतात हे कळलं, पण घरात रेंज येईना. म्हणून ही तार, म्हणून हा डबा.

"आता पासवर्ड सांगा," बंकट म्हणाला.

"तो कशाला?"

"कशाला म्हंजे! कुलूप नको का? न्हाईतर सारा गाव वापरंल."

"वापरू दे की."

बंकट हसला. आप्पा मात्र हसले नाहीत. वाटून खाण्याच्या व्रताला त्यांच्यात दासोह म्हणतात, आणि आप्पांच्या घरात तो कधी चुकला नव्हता. जेवणाच्या वेळेला दाराला कडी लावायची नाही, आलेल्याला जात विचारायची नाही. आप्पांच्या आईनं कडी लावली नव्हती, शांतादेवीनं लावली नव्हती. मागच्या सप्त्यातच महाराजांनी दोन तास त्यावर निरूपण केलं होतं, आणि आप्पांच्या डोळ्यांतलं पाणी खळलं नव्हतं.

"आप्पा, जेवण आन् नेट एक न्हाई," बंकट आता गंभीर झाला. "जेवून गेलेला मानूस पुढं काय करतो त्याचा जाब तुमाला कुनी इचारत न्हाई. ह्याचा इचारतेत. कनेक्शन तुमच्या आधारवर हाय. दुसऱ्यानं काही केलं तरी आदी तुमच्याच दारात येतेत. तसं लिहून घेतलंय कंपनीनं, तुमी सही केलीय खाली."

"केली आसंल. पन माझ्या वट्यावर येनारं कोन हाय बाबा? सप्त्यातलीच मान्सं ना? डब्याला नाव द्यायचं म्हनला ना तू? 'दासोह' टाक."

जन्मभर मापात राहिलेल्या माणसानं ही एक गोष्ट तेवढी मापाबाहेर केली, आणि ती देवाच्या नावानं केली.

डबा देवळीत, लिंगाच्या शेजारी बसला. शांतादेवीनं उजव्या हातानं त्याच्यावर भस्माची तीन बोटं ओढली. त्या संध्याकाळी दिवेलागणीला महाराजांचा आवाज तिच्या उशाशी आला, अखंड, एकही चरण न सांडता. ती नुसती ऐकत राहिली. मग चांगला हात मांडीवर आपटून तिनं टाळाचा ठेका धरला. एका हाताचा. आप्पा दुकानात येऊन उगीच पोती इकडची तिकडं करू लागले.

दुकानापुढच्या वट्यावर माणसं जमू लागली ती दुसऱ्याच दिवसापासून. कुणी लेकाला व्हिडिओ कॉल लावायचं, कुणी कापसाचा भाव बघायचं, कुणी नुसतंच. शेजारच्या राधाकिशनची रोहिणी शाळा सुटल्यावर वही घेऊन यायची, बीडच्या क्लासचे तास मोबाइलवर बघायची. बारावीचं वर्ष. नर्सिंगला जायचं तिच्या मनात होतं. मधेच उठून शांतादेवीला कुशीवर वळवायची, पाणी पाजायची. पायरीवर आसाराम बसायचा. महाराजांचं कीर्तन थेट दाखवणारा मोबाइल मठात त्याच्याच हातात असायचा. इथं येऊन तो आदल्या दिवशीची कीर्तनं जगाला पाठवायचा.

"आप्पा, तुमच्यामुळं महाराज दुबईत पोचले बगा," तो म्हणायचा.

"महाराज आपल्या पुण्याईनं पोचले. मी नुसता वट्याचा मालक," आप्पा म्हणायचे, पण त्यांना बरं वाटायचं.

दिवाळी झाली आणि एका सकाळी बीडहून सायबरचे दोन पोलीस दुकानात आले. कुणी तरी खोट्या नावानं खातं काढून रोहिणीचा फोटो टाकला होता. चेहरा तिचा, धड दुसरंच. खाली लिहिलेलं वाचताना हवालदारानंच मधली ओळ गाळली. ज्या जोडणीवरून ते टाकलं होतं, ती विरुपाक्ष आप्पांच्या नावावर होती.

"मी? त्या लेकराचा?" आप्पा गल्ल्यामागून उठले.

साहेब वाईट नव्हता. वय बघून त्यानं खुर्ची दिली, आप्पांच्याच दुकानातली. "डब्याला पासवर्ड नाही म्हणता. मग कोण कोण जोडलं जायचं, ते सांगता येईल?"

बंकटला बोलावलं. तो म्हणाला, इथली लाइट रोज जाते, आणि लाइट गेली की डबा मागचं सगळं विसरतो. त्याला माहीत होती ती एकच गोष्ट, की आप्पांना त्यानं बजावलं होतं. ते तो बोलला, आणि खाली बघत बोलला.

"आप्पा," साहेब म्हणाला, "हे उघडं होतं, गाव वापरत होतं, असं सांगणारी माणसं आणा. निदान जबाब होतील. नाहीतर कागदावर तुम्ही एकटेच दिसता."

पंचनामा होऊन डबा पिशवीत गेला. भस्माची बोटं त्याच्यावर तशीच होती.

माणसं आणा, एवढंच तर होतं. आप्पांना वाटलं, चाळीस उंबरे हो म्हणतील. पहिल्या घरी चहा मिळाला. "आप्पा, आमच्या पोराच्या मोबाइलमदी सोताचाच नेट हाय." दुसऱ्या घरी चहाही नाही. "आमी कुटं आलतो? एकदा आलतो, ते साकर न्यायला." ज्याचा लेक वट्यावर बसल्याशिवाय घास घेत नव्हता त्यानं दारातूनच हात जोडले: "पोलिसांत नाव नको बाबा. पोराची भरती हाय." आसाराम पायरीवरून उठला होता तो परत दिसला नव्हता.

राधाकिशनच्या दाराशी आप्पा बाहेरच थांबले. राधाकिशननंच बाहेर येऊन विचारलं, "कशाला आलात?" आणि उत्तराची वाट न बघता दार लोटलं. कडी लागल्याचा आवाज आप्पांना स्पष्ट ऐकू आला.

शेवटी ते मठात गेले. सिद्धाराम महाराजांना सगळं ठाऊक होतं. आपलं कीर्तन कुठून जगात जातं, हे त्यांनी भर कीर्तनात 'आप्पांचा दासोह' म्हणून सांगितलेलं होतं.

"महाराज, तुमी दोन शब्द बोललात तर गाव बोलंल."

महाराजांनी रुद्राक्षाचा मणी फिरवला. "आप्पा, तुमी शुद्ध हाव, हे शिवाला ठावं हाय."

"शिवाला हाय, महाराज. साहेबाला न्हाई."

"मठाचं नाव कोर्टकचेरीत जाऊन चालत न्हाई. पुढं सप्ता हाय, जिल्ह्यातून मान्सं येत्यात. तुमी सोसा. सोसनं हीच भक्ती."

आप्पांनी वाकून नमस्कार केला, कारण हाताला दुसरं काही येत नव्हतं. घरी आल्यावर शांतादेवीनं विचारलं, "काय म्हनले?" ते म्हणाले, "सोसा म्हनले." तिनं तोंड भिंतीकडं वळवलं.

आप्पा दुकान उघडायचे, पण बायका लेकींना सामानाला पाठवेनाशा झाल्या. तराजूवरचा शिक्का तसाच होता.

आणि मग बीडला जबाब द्यायला गेली ती रोहिणी. बापाला न सांगता, सकाळच्या एसटीनं, एकटी. तिनं साहेबाला सांगितलं की नेट सगळ्यांना उघडं होतं, मी स्वतः रोज तिथं अभ्यासाला बसायचे, आणि कोण कोण बसायचं त्यांची नावं ही. मग तिनं तो फोटो परत दाखवायला सांगितला. ज्या फोटोकडं घरात कुणी तिला बघू दिलं नव्हतं, तो तिनं नीट बघितला. चेहरा खाली झुकलेला, केसांमागं कापायचा राहिलेला, गल्ल्यावरच्या प्रमाणपत्राचा कोपरा. "हा वट्यावरचा हाय," ती म्हणाली. "आन् पायरीवरूनच असा निघतो. पायरीवर आसाराम बसायचा. त्याला मी एकदा झिडकारलं होतं."

आसारामचा मोबाइल घेतला, आणि त्यात सगळं सापडलं. एकीकडं महाराजांची कीर्तनं, एकीकडं ते.

आप्पा सुटले. पण गावानं रोहिणीला सोडलं नाही. पोरगी एकटी बीडला गेलीच कशी? परक्या पुरुषांसमोर असला फोटो बघितलाच कसा? झिडकारलं म्हणते, म्हणजे आधी काही तरी असणारच की. वट्यावर पाय न ठेवल्याची शपथ घेणारी तोंडंच हे बोलत होती. राधाकिशननं तिचा क्लास बंद केला, मोबाइल काढून घेतला आणि तिला मावशीकडं परळीला नेऊन घातलं. जाताना ती आप्पांच्या दारात आली नाही. येऊ दिलं नाही. ती वही मात्र वट्यावरच्या कोनाड्यात राहिली होती. आप्पांनी ती पोत्यांच्या मागं, कोरड्या जागी ठेवली.

डबा परत मिळाला तेव्हा बंकटनं तो पुन्हा बसवला. देश भारत, नाव तेच, आणि आता पासवर्ड. त्यानं मोबाइल पुढं केला, आप्पांनी अक्षरं दाबली. गाव हळूहळू वट्यावर परत आलं. "आमाला ठावंच व्हतं आप्पा, तुमी तसले न्हाई. बरं, पासवर्ड काय ठिवलाय?"

"इसरलो," आप्पा म्हणायचे.

श्रावण आला. सप्त्याच्या पहिल्या दिवशी, दिवेलागणीला, आप्पांनी शांतादेवीच्या उशाशी मोबाइल उभा केला. मठात मोबाइल धरणारा आता दुसरा होता; चित्र आधी हललं, मग स्थिर झालं. महाराज उभे राहिले. आवाज तोच, मधाचा. टाळ घुमला. शांतादेवीचा चांगला हात मांडीवर आला.

निरूपणाला विषय दासोहाचा होता. "लांबचा दाखला कशाला?" महाराज म्हणाले. "आपल्याच गावात एक शरण, शिवाचा भक्त हाय. त्यानं कडी लावली न्हाई. त्याच्यावर बालंट आलं. पन त्यानं सोसलं! शिवानं त्याला कसा सोडवला? बोला, विरुपाक्ष आप्पांच्या भक्तीचा..." पुढचं टाळ्यांत बुडालं.

आप्पांनी मान खाली घातली. जन्मभर कीर्तन ऐकलं, कीर्तनात आपलं नाव येईल असं कधी मनातही आलं नव्हतं. आलं, तर असं आलं.

शांतादेवीचा हात थांबला होता.

"शिवानं सोडवलं म्हनले?"

"हां."

"रोहिणीचं नाव घेतलं का त्यानी?"

आप्पा ऐकत राहिले. महाराज पुढच्या अभंगाला लागले होते, मृदंग चढत होता.

"न्हाई," ते म्हणाले.

"मग बंद करा," शांतादेवी म्हणाली. आणि वर्षभर ज्या आवाजासाठी जीव टाकला होता तो आप्पांनी अंगठ्यानं बंद केला, तरी वाऱ्यावर लाउडस्पीकर चालूच होता, एक चरण यायचं, एक जायचं. तिनं उजव्या हातानं कानावर पदर घेतला. डावा हात कानाकडं उठत नव्हता, तो कान आप्पांनी झाकला.