पितांबररावांची टाळी

जळगावात कुठेही गाण्याचा कार्यक्रम असला की पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर पितांबर सुरवाडे बसलेले असत. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर वही. खुर्चीवर त्यांचं नाव नव्हतं, पण ते इतके लवकर येत की तिच्यावर बसायची संधी दुसऱ्या कुणाला मिळतच नसे. एसटीत तेहतीस वर्षं नोकरी झाली होती, त्यातली शेवटची अठरा बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून. गाड्या वेळेवर काढण्यात सगळी उमर गेली आणि निवृत्त झाल्यावर या माणसाला कार्यक्रमांना जाऊन गाणं ऐकायचा नाद लागला.

नादही साधासुधा नाही. शास्त्रीय, गझल, भजन, ऑर्केस्ट्रा, काहीही चालायचं. फक्त गाणारा माणूस समोर बसलेला पाहिजे. मोबाइलवरच्या गाण्याला ते गाणंच मानत नसत. "त्यात घाम दिसत नाही," म्हणायचे.

प्रत्येक कार्यक्रमाचा अभिप्राय वहीत लिहिला जाई. 'कार्यक्रम बावीस मिनिटं उशिरा सुटला. बाईंचा आवाज मधाळ. पाणी चार वेळा प्यायल्या. राग कोणता ते कुणाला तरी विचारून लिहिणे.' गझलेच्या कार्यक्रमाबद्दल लिहिलं होतं, 'शब्द नीट कळले नाहीत, पण शेजारचे गृहस्थ दोनदा रडले. त्यावरून गझला चांगल्या असाव्यात.'

इथवर कुणाची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती टाळीबद्दल. पितांबरराव रंगात आले की ताल धरायचे. आधी बोटांनी, मग मांडीवर, आणि फारच रंगले तर दोन्ही हातांनी टाळी. टाळी जबरदस्त होती. फलाटावरच्या गोंगाटात चहाच्या टपरीवरून ड्रायव्हरला उठवायला तयार झालेली. आणि ती तालात नव्हती. ही गोष्ट त्यांना सोडून जळगावातल्या सगळ्या रसिकांना ठाऊक होती, पण एवढ्या प्रेमाने दाद देणाऱ्या माणसाला सांगणार कोण?

ते काम जानेवारीतल्या एका रविवारी पुण्याहून आलेल्या तबलजीने केलं.

सकाळची मैफल होती, नुसत्या तबल्याची. वाजवणारा तिशीतला, हसऱ्या चेहऱ्याचा. त्याचे हात चालू लागले आणि पाचव्या मिनिटाला पितांबरराव रंगले. तबलजीने तीनदा मान वर करून पाहिलं. चौथ्यांदा त्याने हातच उचलले. साथीची पेटी दोन आवर्तनं एकटीच पुढे गेली आणि ओशाळून थांबली. मग तो माइकजवळ वाकून म्हणाला, "पहिल्या रांगेतल्या काकांचं प्रेम माझ्यापर्यंत पोचतंय. फक्त ते माझ्या आधी समेवर पोचतंय. काका, थोडा वेळ नुसतं ऐकाल का?"

सभागृह खळखळून हसलं. तबलजीने हात जोडले, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पितांबररावांनीही हसून मान डोलावली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. पुढचा तासभर ते हातांवर बसून होते. सम कुठे आली, कुठे गेली, त्यांना काही कळलं नाही. कानात नुसतं हसू वाजत होतं.

घरी पायी गेले, मुद्दाम लांबच्या रस्त्याने. पण मागच्या रांगेत बसलेले शेजारचे नवलभाऊ स्कूटरवरून आधीच पोचले होते. मंदाबाईंनी नवऱ्यापुढे चहा ठेवला. चहात साखर दुप्पट होती, त्यावरून हिला सगळं कळलंय हे पितांबररावांनी ओळखलं.

"मी आता कार्यक्रमांना जाणार नाही," ते म्हणाले.

"बरं," मंदाबाई म्हणाल्या.

हे 'बरं' त्यांना महागात पडलं. तीन आठवडे पितांबरराव घरात होते. त्यांनी मसाल्याचे डबे वापराच्या क्रमाने लावले. दूधवाल्याची येण्याची वेळ कॅलेंडरवर लिहू लागले. कुकरजवळ उभं राहून, "तिसरी शिट्टी आतापर्यंत व्हायला हवी होती," असं सांगू लागले. चौथ्या आठवड्यात मंदाबाईंनी पिशवी भरली.

"उद्या धरणगावला जायचंय. विहाराचा वर्धापनदिन आहे. दुपारी मृणालीच्या गायन पार्टीचा कार्यक्रम आहे."

मृणाली ही मंदाबाईंच्या बहिणीची मुलगी. धरणगावात औषधांचं दुकान चालवायची आणि वडिलांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायची.

"भीमगीतांचा?" पितांबरराव म्हणाले. "ते तर आपलं घरचं गाणं. त्यात ऐकायचं काय?"

खरं म्हणजे ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. त्यांच्या वहीत एकशे अडतीस कार्यक्रम होते आणि भीमगीतांचा एकही नव्हता. नोकरीत असताना चौदा एप्रिलला जादा गाड्या सुटत. वस्तीत बाबासाहेबांची गाणी रंगायची तेव्हा हे फलाटावर उभे असायचे. मंदाबाई मुलीला घेऊन जायच्या आणि घसा बसवून परत यायच्या. घसा का बसतो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

विहारासमोर मांडव घातला होता. पितांबरराव मागच्या सतरंजीवर, हाताची घडी घालून बसले. गाणी सुरू झाली. दुसऱ्या गाण्यानंतर स्टेजवरून कुणीतरी हाक मारली, "मंदाक्का, वर या!" मंदाबाईंनी आपली पर्स आणि केळ्यांची पिशवी नवऱ्याच्या मांडीवर ठेवली, पदर खोचला आणि चढल्या.

त्या कोरसमध्ये उभ्या राहिल्या. मुख्य गायिका एक ओळ म्हणायची आणि मागून चार जणी ती उचलायच्या. चौघींतला एक आवाज वरून नीट तार ओढावी तसा सरळ येत होता. पितांबररावांनी आधी दुसऱ्या तिघींकडे पाहिलं. मग नाइलाजाने बायकोकडे पाहिलं. तिचाच होता. गाता गाता ती टाळी देत होती, आणि ढोलकी अन् ती टाळी यांच्यामध्ये कागद सरकवायलाही जागा नव्हती.

चौतीस वर्षं संसार केलेला माणूस केळ्यांची पिशवी धरून आ वासून बसला.

मध्यंतरात मृणाली त्यांच्याजवळ येऊन बसली. "काका, मावशीने सांगितलं सगळं. दाखवा बरं टाळी."

"नको गं."

"दाखवा तर. मी औषधवाली आहे, दुखणं बघितल्याशिवाय गोळी देत नाही." तिने ढोलकी मांडीवर घेतली आणि साधा ठेका धरला. पितांबररावांनी चोरट्यासारखी टाळी दिली. मग दुसरी. मृणालीने ओठ दाबून धरले, पण हसू नाकातून आलंच.

"काका, तुम्ही प्रत्येक टाळी आधी देता. एकही उशिरा नाही. ठोका यायच्या आधी तुम्ही गाडी सोडून मोकळे."

"मग उशिरा देऊ?"

"ठरवून देऊच नका. तुम्ही आलेला ठोका ऐकत नाही, पुढच्याची वाट बघता. माझ्या डाव्या हाताकडे बघा. हा जाड आवाज येतो ना, 'धूम'? तो येऊ द्या. आल्यावर द्या."

"आल्यावर दिली तर उशीर नाही होणार?"

"होऊ दे उशीर! कुणी मेमो देणार नाही तुम्हाला."

पितांबररावांनी टाळी दिली. आधी पडली. पुन्हा दिली, आधी पडली. मृणालीच्या शेजारी सुंदरबाई म्हणून एक म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यांना हा खेळ फार आवडला. प्रत्येक चुकीला त्या "नही!" म्हणून मान हलवायच्या. विसावीच्या आसपास एक टाळी 'धूम'च्या बरोब्बर डोक्यावर पडली. "आते बरोबर शे!" सुंदरबाई ओरडल्या, आणि आजूबाजूच्या पाचसात बायकांनी पितांबररावांसाठी टाळ्या वाजवल्या. ते लाजले. पुढची लगेच चुकली.

परतीच्या गाडीत त्यांनी विषय काढला. "तू गातेस, हे मला कधी सांगितलं नाहीस."

"रोज भाकरी थापताना गाते. तुमचे कान कुठे असतात?"

"आणि माझी टाळी चुकते, हे तुला माहीत होतं?"

"लग्नाच्या वरातीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

मंदाबाई खिडकीबाहेरच्या कपाशीच्या पऱ्हाट्यांकडे बघत राहिल्या. "तुम्ही नोकरीवरून यायचे ते तोंड पाडून. गाणं लागलं की तेवढं हसायचे. ते कशाला मोडू?"

जळगाव येईपर्यंत पितांबररावांनी पिशवीतली दोन केळी सोलून तिला दिली.

त्यानंतर दोघं जोडीने कार्यक्रमांना जाऊ लागले, आणि पितांबररावांच्या लक्षात आलं की आपल्यापेक्षा हिची मतं जास्त कडक आहेत. एका सुगम संगीताच्या गायकाबद्दल त्या म्हणाल्या, "आवाज चांगला आहे, पण आरशासमोर उभा राहून गातोय." इंजिनिअरिंग कॉलेजच्या स्नेहसंमेलनात संध्याकाळी रॉक बँड होता. पितांबरराव कानात कापूस घालून गेले. पहिल्या ठोक्याला त्यांच्या पोटातलं जेवण हललं. मंदाबाईंनी मात्र डोक्यावरचा पदर सावरत पूर्ण दीड तास उभ्याने ऐकलं. "ड्रमवाला पोरगा जीव तोडून वाजवतो," त्या म्हणाल्या. "आणि इथे एक सोय आहे. तुम्ही कितीही टाळ्या वाजवा, कुणाच्या बापाला ऐकू येत नाही." पितांबररावांनी मग मनसोक्त वाजवल्या.

धुळ्यात त्यांची मुलगी वृषाली शाळेत शिक्षिका होती. तिने दोघांना कव्वालीला बोलावलं. दुपारचा कार्यक्रम, पंखे कुरकुरत होते. कव्वालीत टाळी हेच अर्धं वाद्य, हे पाहून पितांबररावांचे तळवे शिवशिवले. त्यांनी ते घट्ट मुठीत धरले. शेजारी पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ होते. त्यांनी थोडा वेळ वाट पाहून विचारलं, "क्यों भाईसाब, पसंद नहीं आया?"

"बहुत आया," पितांबरराव म्हणाले. "पण मेरी टाळी आगे जाती है."

"तो जाने दो. पीछे से हम आते हैं."

हे ऐकून मंदाबाई इतक्या हसल्या की वृषालीने त्यांना कोपर मारलं. पितांबररावांनी मुठी सोडल्या. विलंबितात त्यांनी बरंच निभावलं. लय चढली तसे ते सुटले, मंदाबाईंनी गुडघ्याने ढोसलं, ते थांबले, त्यांनी ठोका येऊ दिला आणि पुन्हा शिरले. असं चारपाच वेळा झालं. बाहेर आल्यावर वृषालीने आईला विचारलं, "बाबा सुधारलेत का गं?" मंदाबाई म्हणाल्या, "दहात सहा."

वैशाखातल्या पौर्णिमेला मृणालीच्या पार्टीचा कार्यक्रम दोंडाईच्याला ठरला. दोन दिवस आधी मुख्य गायिकेचा गळा गेला. मृणालीचा फोन आला, "मावशी, दोन गाणी तू म्हण. कोरसात नाही, पुढे उभं राहून."

मंदाबाई आयुष्यात पहिल्यांदा घाबरल्या. भाकऱ्या करपल्या. पितांबररावांनी त्यांना धीर द्यायला गाडीच्या सगळ्या वेळा काढून दिल्या, त्याने त्या आणखी घाबरल्या. रेल्वेत बसल्यावर म्हणाल्या, "तुम्ही मागे कुठेतरी बसा. तुम्हाला बघून मला हसू येईल." स्टेशनात उतरल्यावर म्हणाल्या, "नाही, समोरच बसा. ओळखीचं तोंड दिसलं की शब्द आठवतात."

ऊन उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. मांडव भरलेला, बायकांच्या हातात पुठ्ठ्याचे पंखे. मंदाबाई माइकपुढे आल्या. पांढरी साडी, निळा काठ. पहिला शब्द थरथरत निघाला. दुसऱ्या ओळीला आवाज सरळ झाला, आणि कडव्याला पोचेपर्यंत पुठ्ठ्याचे पंखे एकेक करून थांबत गेले. रमाईवरचं गाणं होतं, संसाराचं आणि वाट पाहण्याचं. मृणालीने ढोलकी अगदी हलकी केली, मावशीच्या मागे मागे नेली.

गाणं संपलं तसा मांडव टाळ्यांनी दणाणला. मागे बसलेल्या पोरींनी शिट्ट्या मारल्या. पितांबरराव मात्र दोन्ही हात मांडीवर ठेवून स्टेजकडे बघत बसले होते.

शेजारच्या अनोळखी बाईला ते पटेना. तिने त्यांना हलवलं. "आवडनं नही का भाऊ?"

"आँ?" पितांबरराव म्हणाले. "ती माझी बायको आहे."

याचा आपल्या प्रश्नाशी काय संबंध, ते त्या बाईला कळलं नाही. ती पुन्हा टाळ्या वाजवू लागली.