नांदुऱ्याले

वीस हिरवी बोंडं तोडून आणली होती. मलिहाने ती ओट्यावर एकेक करून फोडली. सतरांत गुलाबी अळी होती, एकातून ती खाऊन निघून गेलेली, दोन चांगली. २०१७ सालची ती बीटी कपाशी. आकडा ऐकून तिचे अब्बा हैदर एवढंच म्हणाले, की उद्या उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवू. दादीच्या हजसाठी ठेवलेल्या पैशांना मात्र त्यांनी याही वर्षी हात लावला नाही, आणि त्यासाठी मलिहा मनोमन त्यांची ऋणी होती.

पण दादी, म्हणजे नूरबी, हजला जायलाच तयार नव्हती. १९३७ साली, ती तान्ही असताना तिचे वडील शेख चांद मुंबईहून जहाजाने हजला निघाले, ते परतले नाहीत. सोबत गेलेला जळगाव जामोदचा विणकर त्यांची वळकटी घेऊन घरी आला आणि म्हणाला, "चांदभाई जहाजावर गेले." महिन्याभरात तोही वारला. जाताना की येताना, हे कोणी विचारलंच नव्हतं. घराने धरून घेतलं, जाताना. म्हणजे हज राहिला. आता नूरबीचं म्हणणं, पैसे एकाचेच आहेत, तर वडिलांच्या नावाने दुसऱ्या कुणाला हजला पाठवा. फॉर्मची मुदत जवळ आली होती.

मलिहाला खामगावला बीएस्सीला धाडण्यासाठी हीच दादी सगळ्या भावकीशी भांडली होती. म्हणून मलिहा मुंबईच्या अभिलेखागारात जाऊन आली. त्या सालच्या जाणाऱ्या जहाजांच्या याद्या उरल्या नव्हत्या. जेद्दाहून परतणाऱ्यांच्या होत्या. त्यांचे तिने फोटो काढले. शेख चांद अकरा निघाले. पण दादीचं माहेर नांदुरा, आणि ते गाव असलेला त्यांत एकही नाही. हे तिने दादीला अजून सांगितलं नव्हतं.

नूरबी घरात उर्दू बोलायची, शेजारची झुंबरबाई आली की मात्र सगळ्यांशीच वऱ्हाडी. दोघी वेचलेला कापूस निवडत होत्या. झुंबरबाईने खोडी काढली, "बुढे, लय शिकल्यावानी बोलतं वं. कोन्या गावच्या शाळेत होती?"

"आमी नांदुऱ्याले राहत होतो. शाळा कायची, म्हशी होत्या."

जवळच कापूस निवडणाऱ्या मलिहाचा हात थांबला. यादी लिहिणाऱ्या कारकुनाने गाव विचारलं, तेव्हा दादीचे वडीलही असंच 'नांदुऱ्याले' म्हणाले असतील. 'नांद्रियाले' असं एक गाव यादीत होतं; कोकणातलं असेल म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. तिने लॅपटॉप आणला. शेख चांद, वल्द शेख बुढन, वय एकतीस.

"दादी, तुझ्या आजोबांचं नाव?"

"बुढन," नूरबी म्हणाली. मलिहाने स्क्रीनवरची इंग्रजी नोंद 'नांद्रियाले'सकट वाचून दाखवली, तशी ती त्या अक्षरांकडे बघत म्हणाली, "थो लिवनारा कोन होता, त्याले दुवा लागो. जसं आयकलं तसं लिवलं बिचाऱ्यानं." तिने पदर सावरला. "आता जे असन तेच सांगजो. गोड करून नोको सांगू."

मलिहाने शेवटच्या रकान्यातला शेरा वाचला, हिजरी तारखांशी दोनदा ताडून पाहिला आणि मग मोठ्याने सांगितलं: जहाजाने जेद्दा सोडलं ४ मार्च १९३७ ला. मृत्यू ९ मार्चला, समुद्रात. म्हणजे येताना, ज्याच्याशिवाय हज होत नाही त्या अराफातच्या दिवसानंतर सोळा दिवसांनी, चंद्रदर्शनाचा फरक धरून एक दिवस कमी-जास्त.