आणखी एक जण

आमच्या संग्रहालयात बर्फाच्या मोहिमेचं एक कपाट आहे. नऊ माणसं गेली, नऊ परतली, नऊ चांदीची पदकं पाडली गेली. आठ पदकं आमच्याकडे आहेत, प्रत्येकाखाली नाव. नववी खाच रिकामी, तिच्याखाली पाटी : 'आणखी एक जण'. हा गडी शेवटच्या बंदरावर ऐनवेळी जहाजात चढला, म्हणून यादीत नव्हता. अहवालात तो दोनदाच येतो, तोही नावाशिवाय. एकदा चार महिने हरवतो तेव्हा आणि एकदा परत येऊन जेवण मागतो तेव्हा.

नववं पदक घेऊन त्याची मुलगी माझ्या टेबलापाशी आली. वय पंच्याहत्तर, निवृत्त टंकलेखिका, पर्समध्ये घडी घातलेलं पांढरं फडकं.

"अण्णांचं नाव तेवढं पाटीवर लागू दे," त्या म्हणाल्या, "मग मी सुटले."

मी पदक उलटलं. पाठीवर मधोमध नाव कोरायची तेव्हाची रीत. इथे मला माझंच नाक दिसलं.

"नाव कुठाय, बाई?"

"होतं की. लहानपणी मी वाचलंय. दर रविवारी घासतो ना आम्ही, राख आणि लिंबू लावून. आधी आई, मग मी. आमच्याकडे डाग चालत नाही कशावर."

यादी करणाऱ्यांनी ज्याला एका दिवसात वगळलं, त्याला घरच्यांनी साठ वर्षं मायेने पुसलं होतं.

साहेब येऊन बघून गेले. "नाव दिसत नाही तोवर पाटी बदलत नाही," म्हणाले. साहेबांचं बरोबर होतं. ते नेहमी बरोबर असतात, म्हणून त्यांच्याबरोबर कोणी चहाला जात नाही.

आम्हा पदकं तपासणाऱ्यांची एक सवय आहे. चष्म्यावर सोडावा तसा पदकावर श्वास सोडायचा. कोरताना दबलेली चांदी वरून झिजली तरी आतून तशीच दबलेली राहते. वाफ तिथे निराळी बसते. मी अगदी जवळ जाऊन 'हाः' केलं.

चांदीवर धुकं पसरलं. खोलीतला पंखा, फायली, खिडकीबाहेरचा रस्ता सगळं लांब गेलं. पांढऱ्या मैदानावरून कोणीतरी सावकाश चालत यावं तशी एकेक करत अक्षरं आली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. दोन श्वास थांबली आणि आली तशी निघून गेली.

बाई पदकावर वाकल्या. मग म्हणाल्या, "अण्णा सांगायचे, तिकडे आपला श्वास दिसतो. तो पुढे चालायचा, मी मागे. असाच घरी आलो. आम्हाला वाटायचं, थापा मारतात."

"साहेबांना बोलावतो," म्हणून मी उठलो. वळून बघतो तर बाईंनी फडकं काढलेलं. साहेब येणार म्हणजे वस्तू लख्ख हवी.

"बाई, पुसू नका. आता जे उरलंय ते एवढंच आहे."

"बोटांचे ठसे दिसतायत हो."

"दिसू देत."

त्यांचा हात पदकावर तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी फडक्याची घडी घातली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात दाबून बसल्या.

साहेब आले. "'हाः' करा," बाई म्हणाल्या. पदावर आल्यापासून साहेबांना असं कोणी सांगितलं नसावं. त्यांनी वाकून 'हाः' केलं, वाचलं. पुन्हा 'हाः' केलं. तिसऱ्यांदा कशाला केलं ते मी विचारलं नाही. त्याच आठवड्यात नववं पदक खाचेत बसलं आणि खाली नवी पाटी लागली.

बाई दर रविवारी येतात. कपाटासमोर उभ्या राहतात, नवव्या पदकाच्या इतक्या जवळ की काचेवर वाफेचा गोल उमटतो. काचेला हात लावू नये, असं तिथे लिहिलंय. श्वासाबद्दल काही लिहिलेलं नाही. पहारेकरी फडकं घेऊन शेजारी उभा असतो. गोल आपोआप विरेपर्यंत तो छताकडे बघतो.