काठीखालचं फेल्ट

आमच्या पुढच्या खोलीत कुणी खुर्ची ओढली, तर आमचे हे भरल्या ताटावरून उठतात. ओरडत नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि विषय तिथेच मिटला असता. ते खुर्ची अलगद उचलतात, उलटी करतात, चारी पायांखालचं फेल्ट तपासतात, पुन्हा जागेवर ठेवतात आणि येऊन जेवायला बसतात. मग ज्याने ओढली त्याच्या घशाखाली घास उतरत नाही.

हे लोकांच्या घरातली लाकडी जमीन घासून, पॉलिश करून देतात. पंचवीस वर्षं झाली. आमची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकानच समजा. सागवानाच्या पट्ट्या, एकेक पट्टी निवडून स्वतःच्या हाताने बसवलेली. नवं गिऱ्हाईक आलं की आधी इथे आणायचं, चपला दाराबाहेर काढायला लावायच्या आणि म्हणायचं, "एक ओरखडा शोधून दाखवा." गिऱ्हाईक वाकतं, डोळे बारीक करतं, हरतं. काम पक्कं.

आता तळहाताच्या फोडासारखी ही जमीन जपतं कोण, तर मी. दाराबाहेर एक पायपुसणं, आत दुसरं. खुर्चीपेक्षा चपलेखालून आलेला वाळूचा कण वाईट, म्हणून दिवसातून दोनदा मऊ झाडू. ओलं फडकं चालत नाही. कपाट हलवायचं तर खाली जुनी रजई. आणि फेल्ट. ते जाड, लोकरीसारखं कापड असतं ना, त्याचे गोल कापून टेबलखुर्च्यांच्या पायांना चिकटवायचे. महिन्यातून एकदा त्यात अडकलेली माती सुईने काढायची, आणि झिजले की बदलायचे. काम झालं की हे गिऱ्हाइकाला माझ्या हातचे गोल पिशवीत घालून देतात आणि सांगतात, "आमच्या घरच्या माणसांनी कापलेत." घरची माणसं म्हणजे मी एकटी. पण खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडायचं.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. बाबा पोस्टमन होते. सदतीस वर्षं पायी टपाल वाटलं, सायकल मिळाली तीही परत केली. म्हणायचे, सायकलवरून माणसं दिसत नाहीत. गुडघे गेले तेव्हा हातात काठी आली, पण चालणं सुटलं नाही. रोज चार वाजले की टोपी घालायची, काठी घ्यायची आणि निघायचं. कोपऱ्यावरच्या घड्याळदुरुस्तीवाल्यापर्यंत जायचं, त्याच्या बाकावर बसायचं, परत यायचं. दुसरं काही त्यांना नको होतं. टीव्ही नको, पेपर नको. मी एकदा म्हटलं, "बाबा, उन्हाचं कशाला?" तर म्हणाले, "ठमे, मी चालायचा थांबलो की समज उरकलं."

मला लहानपणापासून ठमी म्हणतात ते. हट्टी होते म्हणून. आता कुठला हट्ट राहिलाय?

काठीच्या टोकाला रबराची टोपी होती. रबराने लाकडावर काळे डाग पडायचे, ते मी ह्यांच्या नजरेला पडायच्या आत पुसायची. पण एक दिवस त्या रबरात बाहेरची खडी रुतून आली. हे संध्याकाळी नेहमीप्रमाणे बॅटरी जमिनीवर आडवी ठेवून बघत होते. तसा उजेड टाकला की केसाएवढी रेघसुद्धा उभी राहते. आणि दिसली. दारापासून आत, बोटभर लांब. हे गुडघे टेकून बसले, त्यावरून अंगठा फिरवला आणि मला हाक मारली.

"बघ," म्हणाले. "मी बाबांना काही बोलणार नाही. वडीलधारे आहेत. तूच काय ते बघ."

शहाण्याला शब्दाचा मार, आणि मी तर पंचवीस वर्षांची शहाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठी घेतली, रबराची टोपी काढून टाकली आणि टोकाला फेल्टचा गोल चिकटवला. जाड, दुहेरी, कडेने दोऱ्याने शिवलेला. असा सुबक बसला की मलाच माझं कौतुक वाटलं. ह्यांनी काठी हातात घेऊन फिरवली आणि म्हणाले, "झकास. हे कुणाला सुचणार नाही." बाबांनी दोन पावलं टाकून बघितली. "आवाज येत नाही की," म्हणाले. "मांजरासारखा चालतोय मी."

आवाज कशाला येईल? खुर्चीखाली फेल्ट लावतात ते ती सरकावी म्हणून. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शेकडो वेळा मीच गिऱ्हाइकांच्या बायकांना सांगितलंय, लावून बघा ताई, एका बोटाने खुर्ची सरकेल. पण माझ्या डोक्यात बाप नव्हता, जमीन होती. म्हातारा माणूस काठीवर भार टाकतो तो ती जागची हलू नये म्हणून, एवढी साधी गोष्ट. पोरासोरांनाही कळते.

तीन आठवडे निभावलं. मग ह्यांनी नवं गिऱ्हाईक येणार म्हणून जमिनीला मेण चढवलं, आणि त्याच दिवशी चार वाजता बाबा टोपी घालून निघाले. मी आत भांडी लावत होते. काठी आधी पडल्याचा आवाज आला आणि मग बाबांचा. धावत गेले तर ते कुशीवर पडलेले आणि काठी भिंतीपाशी. "काही नाही, काही नाही," असं ते मलाच समजावत होते. उठता येत नव्हतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, कसे पडलात? बाबा म्हणाले, "पायात पाय अडकला." हे म्हणाले, "वय झालं की व्हायचंच." मी तिथेच उभी होते. दोघांच्या मधोमध. मी पदराच्या टोकाला गाठ मारत राहिले. घरी येऊन काठीचं फेल्ट ओरबाडून काढलं आणि कचऱ्यात टाकलं, कुणी बघायच्या आत. बोलणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

बाबांची व्यवस्था मागच्या खोलीत केली. तिथे साधी फरशी आहे. "त्यांनाच बरं पडेल," हे म्हणाले. ऑपरेशन झालं, दोन महिने गेले, व्यायाम शिकवणारी बाई येऊ लागली. तिने वॉकर आणायला लावला. पुढे दोन चाकं, मागे दोन पाय. बाबा त्यावर मागच्या खोलीत फिरू लागले, भिंत ते भिंत, भिंत ते भिंत. बाई म्हणाली, आता बाहेर न्या यांना, उन्हात चालू द्या, नाहीतर पाय पुन्हा धरतील, मग काही उपयोग नाही.

बाहेर जायची वाट एकच. पुढच्या खोलीतून.

"त्या चाकांनी चर पडतील," हे म्हणाले. "प्लायच्या फळ्या टाकून वाट करून देतो. या रविवारी." रविवार आला, तेव्हा म्हणाले, फळ्या नीट टाकायला हव्यात, खाली एखादा खडा राहिला तर वरून रगडला जाईल. पुढच्या रविवारी म्हणाले, झाकलेल्या लाकडाला ऊन लागत नाही, रंग मागे राहतो, वाटेचा पट्टा उमटेल. त्याच्या पुढच्या रविवारी काहीच म्हणाले नाहीत. तोंडावर "नाही" कधी म्हणाले नाहीत हो. जावई म्हणून बोट ठेवायला जागा नाही. बाबांना रोज सकाळी तब्येत विचारतात, फळं आणतात.

बाबा आधी विचारायचे, "जावईबुवांना वेळ झाला का?" मग विचारणं बंद झालं. चार वाजता टोपी घालून पलंगावर बसायचे, पाच वाजता काढून ठेवायचे. खोलीतल्या फेऱ्याही कमी झाल्या. घड्याळदुरुस्तीवाल्याने एकदा निरोप पाठवला, बाक रिकामा आहे म्हणून. मी तो त्यांना सांगितला नाही. उगाच जिवाला लागलं असतं, त्यांच्याही आणि माझ्याही.

मग एक दिवस व्यायामाची बाई म्हणाली, डावा पाय आखडलाय, आता जे काय करायचं ते याच महिन्यात. माझं डोकं फिरलं. चार वाजता मी बाबांना उठवलं, टोपी घातली, हातात वॉकर दिला आणि म्हटलं, "चला." हे पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाला घेऊन उभे होते. गिऱ्हाईक वाकून बघत होतं. असू दे म्हटलं, बघू दे त्यालाही.

बाबा फरशीच्या टोकापर्यंत नीट आले. पुढे लाकूड सुरू होतं. तिथे ते थांबले. ह्यांनी मान वर करून पाहिलं, चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून. फक्त नजर त्या चाकांवर.

"चला ना," मी म्हटलं.

"नको," बाबा हळू आवाजात म्हणाले. "रेघा पडतील."

"पडू देत. बाबा, तुम्ही पाय अडकून पडला नाहीत. त्या फेल्टने पडलात. ते मी लावलं होतं." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. एवढे दिवस दाबून ठेवलेलं ते सगळं असं पुटपुटत बाहेर आलं, आणि तेही गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये एवढ्या बेताने.

"मला ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "काठी हातातून कशी गेली ते मला कळणार नाही होय? डॉक्टरांसमोर सांगून काय करायचं होतं? मी दोन दिवसांचा सोबती. तुला इथेच राहायचंय."

मग त्यांनी वॉकर उचलला. चाकांचा आवाज होऊ नये म्हणून उचलूनच फिरवला, त्या मोडक्या खुब्यावर उभं राहून, आणि पाठ करून मागच्या खोलीकडे निघाले. मी हात धरायला गेले तर मानेनेच नको म्हणाले.

गिऱ्हाइकाने विचारलं, "कोण हो हे?"

"सासरे," हे म्हणाले. "फार समजूतदार माणूस."

काम तिथेच पक्कं झालं. ह्यांनी आत हाक मारली, दोन कप चहा पाठव. मी गॅस पेटवला, आधण ठेवलं. मागच्या खोलीत बाबा टोपी काढून पलंगावर आडवे झाले होते. त्यानंतर ते टोपी घालून बसले नाहीत.