टाळूवरची चाई

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या त्या पोरीच्या डोक्यावरचे केस तीन ठिकाणी गळून चाई पडली, तेव्हा जो तो डॉक्टर झाला. कुणी कांद्याचा रस सांगितला, शेजारीण म्हणाली लग्न कर, आपोआप उगवतील. चर्मरोगाच्या डॉक्टरीणबाई मात्र सरळ बोलल्या, "तुझं शरीरच केसांवर उलटलंय. काय लागू पडतंय ते बघू." डाव्या कानामागे इंजेक्शनं, उजव्या कानामागे मलम, आणि टाळूवरच्या चाईला तुलनेसाठी हातच लावायचा नाही.

मलम बाबा लावायचे. आई गेल्यापासून ते घरात असून नसल्यासारखे होते. तेवढाच त्यांना उद्योग.

डावीकडे तिचेच सरळ काळे केस उगवले. उजवीकडे मलम ढिम्म. आणि टाळूवर, जिथे कुणी काही केलं नव्हतं, तिथे दाट, कुरळे, तांबूस केस आले. "नवे केस येतात कधीकधी वेगळ्या वळणाचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. येत असतील बापडे. पण हे केस आईचे होते.

बाबांना ते सांगावं लागलं नाही. ते रोज दाढी करू लागले, गुणगुणू लागले. संध्याकाळी तिला पुढ्यात बसवून टाळूवरून हात फिरवायचे आणि त्या केसांशीच बोलायचे.

"पोरगी अजून आली नाही गं कामावरून," एकदा म्हणाले.

"बाबा, मी इथेच आहे."

"येईल, येईल. तू नको काळजी करूस."

बाबा हसतायत याचा तिला आनंद होता, खोटं कशाला बोला. पण कुरळे केस कानांकडे सरकत होते, आणि असंच चाललं तर या घरात आपण उरणारच नाही, ही भीती त्या आनंदाहून मोठी होती. आईवर तिचा जीव होता. म्हणून काय डोकंच देऊन टाकायचं?

तिने टाळू भादरून घेतली आणि तडक दवाखाना गाठला. बाबा हट्टाने बरोबर आले, बाहेर बाकावर तोंड फुगवून बसले.

"इथेही इंजेक्शन द्या," ती म्हणाली. "डावीकडे माझे आले ना, तसेच हवेत."

सुई टाळूत शिरली. कळ पार डोळ्यांपर्यंत गेली. "आई गं" म्हणून ओरडायला तिने तोंड उघडलं, आणि आवाज निघाला, "अहो!"

दाराबाहेर बाक करकरला.

"आलो गं, आलो," बाबा म्हणाले.