लेडी कॉर्फील्डच्या गाडीतली किरकिर

लेडी कॉर्फील्डचं तिसरं पत्र आलं त्या दिवशी ट्रँटरसाहेबांनी मला खोलीत बोलावून घेतलं. जेबेझ ट्रँटर म्हणजे कॉव्हेन्ट्रीच्या आमच्या आल्डरसन मोटार कारखान्यातल्या तपासनीस खात्याचे प्रमुख. १९२९ सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट.

"वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच स्पीकमन, म्हणजे माझ्याबरोबर तुलाही शिक्षा होईल."

पहिल्या पत्रात बाईंनी लिहिलं होतं की गाडीत रातकिडा शिरलाय. दुसऱ्यात म्हटलं होतं, रातकिडा नसावा, उंदीर असावा. तिसरं पत्र असं होतं: 'तुमचे दोन गृहस्थ येऊन गेले. दोघेही माझ्याकडे पोटभर जेवले आणि आवाज मुळीच येत नाही असं मला सांगून गेले. मी सत्तर वर्षांची आहे, बहिरी नाही. महिन्याभरात आवाज बंद झाला नाही तर गाडी परत पाठवीन, जुनी घोडागाडी बाहेर काढीन आणि ती का काढली हे जिल्ह्यात सगळ्यांना सांगत फिरेन.'

"बॉडीवाल्यांचा दोष असेल," मी म्हणालो.

"बॉडीवाले म्हणतात चासीचा आहे."

हे भांडण रोजचंच होतं. तेव्हा आम्ही चासी, म्हणजे इंजिन, चाकं आणि खालचा सांगाडा, तेवढी बनवायचो. वरचं घर, म्हणजे लाकडी चौकट, दारं, चामड्याच्या गाद्या, अक्रोडाच्या फळ्या, हे सगळं लंडनचे कारागीर चढवायचे. कुठे काही वाजलं की आम्ही त्यांच्याकडे बोट दाखवायचो आणि ते आमच्याकडे.

"तू जा," साहेब म्हणाले. "तुझा कान बरा आहे."

माझा कान खरंच बरा होता. तपासनीस होण्याआधी नऊ वर्षं मी मागच्या आसाच्या खात्यात होतो. तिथे एका बंद खोलीत एकेक आस फिरवत ठेवायचे आणि डॉक्टरची नळी कानाला लावून मी त्याचे दाते ऐकायचो. एखादा दाता केसभर जाड असला तरी मला कळायचं. माझी बायको डॉरिस म्हणायची, "तुला शेजारच्या घरातल्या घड्याळाचं दुखणं ऐकू येतं, आणि मी तीन हाका मारल्या तरी पत्ता नसतो."

नळी आणि हत्यारांची पेटी घेऊन मी श्रॉपशरला निघालो. चर्च स्ट्रेटन स्टेशनबाहेर बाईंची मोटार उभी होती. काळी, लांबलचक, आरशासारखी चकचकीत. शेजारी शोफर उभा होता, इव्हान प्रोबर्ट. चाळिशीचा, उंच, वेल्सच्या सीमेवरच्या माणसांसारखा बोलण्यात किंचित हेल. डाव्या पायानं थोडा लंगडत होता.

"पडलात का कुठे?" मी विचारलं.

"घोड्यानं लाथ मारली होती साहेब. जुनी गोष्ट आहे," तो म्हणाला आणि माझी पेटी उचलायला वाकला.

कंपनीची रीत अशी होती की तपासनीस आला की स्टिअरिंगचं चाक त्याच्या हातात. मी चाकावर बसलो, प्रोबर्ट बाजूला. दिवसभर मी ती गाडी टेकड्यांतून फिरवली. चढ, उतार, खडी, चिखल, काही म्हणून सोडलं नाही. गाडी अशी चालत होती की बाहेरच्या मेंढ्या चरतानाही ऐकू याव्यात. संध्याकाळी बाईंच्या स्वयंपाकघरात त्यांची स्वयंपाकीण मिसेस बेडोजनं माझ्यापुढे मटणाचं पुडिंग ठेवलं आणि म्हणाली, "खा बाबा. आधीचे दोघंही असेच खाऊन, मान हलवून गेले."

ते बोलणं मला लागलं. अंथरुणावर पडल्यावर डोक्यात एक साधी गोष्ट आली. आधीचे दोघंही माझ्यासारखेच चाकावर बसले असणार. शोफरला बसवून आपण मागे बसणं हे आमच्या लोकांना कमीपणाचं वाटायचं. आणि तक्रार करणारी बाई तर मागे बसते!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परवानगी मागितली. लेडी कॉर्फील्ड ठेंगणी, ताठ, डोक्यावर पीस खोवलेली शिकारी टोपी. माझ्याकडे त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"माझ्या शेजारी बसणार? बसा. पण गप्प बसा. तुमच्या आधीचा तो लठ्ठ गृहस्थ सारखा बोलत होता. आवाज ऐकणार कसा, कपाळ?"

प्रोबर्टनं गाडी काढली. फाटकाबाहेर पहिला चढ लागला, त्यानं गिअर बदलला, आणि पुढून स्पष्ट ऐकू आलं: किर्र. लगेच पुन्हा: किर्र.

बाईंनी माझ्या दंडावर छत्रीची मूठ हाणली. "ऐकलंत?"

"ऐकलं बाईसाहेब."

"मी वेडी आहे का?"

"नाही बाईसाहेब."

"हे मला लिहून हवं आहे," त्या म्हणाल्या. परत येईपर्यंत त्या इतक्या खूश होत्या की आवाज आला की बोट वर करून मोजत होत्या. चौऱ्याऐंशी भरले.

त्या काळच्या गाडीत गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागायचा. एकदा गिअर सोडवायला, एकदा इंजिनाचा वेग जुळवून दुसरा घालायला. आवाजही जोडीनंच येत होता. म्हणजे क्लचचीच काहीतरी भानगड. पण मी चालवताना का नाही?

दुपारी गाडीखान्यात इंजिन बंद ठेवून मी प्रोबर्टला चाकावर बसवलं, पायाखालच्या फळ्या काढल्या आणि नळी घेऊन गाडीखाली शिरलो.

"दाबा."

किर्र. नळी क्लचच्या दांड्यावर होती. आत काहीच नव्हतं. मग मी ती स्प्रिंगवर ठेवली, नंतर बिजागरीवर. सगळं लोण्यासारखं. आवाज वरून येत होता. मी बाहेर आलो, दार उघडलं, गुडघ्यांवर बसलो. "पुन्हा दाबा." नळीचं टोक पेडलवर ठेवलं, तिथून त्याच्या बुटावर, बुटावरून वर वर नेत पँटवरून गुडघ्यावर आणलं.

किर्र! कानात असा घुसला की मी नळी ओढून काढली.

प्रोबर्ट समोरच्या काचेतून बाहेर बघत होता. मग त्यानं खाली वाकून पँटचा पाय वर ओढला. आत ॲल्युमिनियमचा पाय होता, गुडघ्याला खिळ्याची बिजागरी.

"इप्रच्या लढाईत गेला," तो म्हणाला. "सतरा साली."

"आणि घोडा?"

"घोडा नव्हताच साहेब. बाईसाहेबांच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'धडधाकट माणूस हवा'. त्याआधी मी अकरा ठिकाणी खरं सांगितलं होतं. अकराही ठिकाणी चहा दिला आणि दार दाखवलं. बाराव्या ठिकाणी घोडा सांगितला."

"किती वर्षं झाली?"

"चार. ही किरकिर मात्र गेल्या हिवाळ्यापासूनची. तेल घालतो, दोन दिवस राहतं. मला वाटलं, तुम्ही लोक याल, गाडीत काही सापडणार नाही, आणि कंटाळून बाईच पत्रं लिहायची थांबवतील."

"बाईंना ओळखत नाही वाटतं तुम्ही अजून?"

तो कसनुसा हसला. मला मात्र हसू येईना. माझ्या अहवालाच्या कागदावर एक रकाना होता: 'चालक शरीराने सक्षम आहे काय?' त्यात 'नाही' लिहिलं की कंपनी मालकाला कळवायची आणि गाडीची हमी रद्द व्हायची. परवान्याला तेव्हा परीक्षा नव्हती, पाच शिलिंग भरले की कोणालाही मिळायचा. त्यामुळे माझा रकाना हीच काय ती परीक्षा. खोटं लिहायची माझी तयारी नव्हती. त्याला नीट पारखल्याशिवाय 'नाही' लिहून टाकायचीही नव्हती.

"चला," मी म्हणालो. "मला बर्वेवर न्या."

बर्वे म्हणजे लाँग मिंड नावाच्या डोंगरावर चढणारा रस्ता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला सरळ दरी, मध्ये जेमतेम एक गाडी. अर्ध्या चढावर मी त्याला थांबायला सांगितलं, खाली उतरलो आणि माझी नवी कोरी बोलर हॅट मागच्या चाकाला टेकवून ठेवली.

"आता निघा."

प्रोबर्टनं वळून पाहिलं. "साहेब, टोपी चांगली आहे."

"म्हणूनच जपून निघा."

इंजिनाचा सूर थोडा चढला. किर्र झालं, आणि दोन टनांची ती गाडी तसूभरही मागे न येता वर सरकली. मी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली.

पुढच्या वळणावर समोरून पाववाल्याची व्हॅन उतरत आली. पाववाला हटेना.

"माझे ब्रेक धड नाहीत!" तो ओरडला. "तूच जा मागे!"

"ब्रेक धड नाहीत आणि बर्वे उतरतोस? शाबास लेका!" प्रोबर्ट ओरडला आणि त्या लांबलचक गाडीला उलटी घेऊन वळणावरून खाली नेऊ लागला. माझ्या बाजूनं दरी दिसत होती, रस्ता दिसत नव्हता. मी दाराचं हँडल घट्ट धरलं होतं. प्रोबर्ट मात्र शांतपणे गुणगुणत होता. रुंद जागा येताच त्यानं गाडी कडेला लावली, पाववाल्याला जाऊ दिलं आणि पुन्हा चढायला सुरुवात केली. गिअर इतके अलगद पडत होते की हात हललेला दिसला नसता तर मला कळलंही नसतं.

"हे कुठे शिकलात?"

"पायाला काही कळत नाही ना साहेब. पेडल कुठवर गेलं, केव्हा सुटलं, काही नाही. मग कानावर सोपवलं. मी चॅपलमध्ये खालच्या पट्टीत गातो. दुसऱ्या गिअरला इंजिन हा सूर लावतं," त्यानं गाऊन दाखवला, "तिसरा घालायचा तर इथवर उतरू द्यायचं. सूर जुळला की गिअर आपोआप आत जातो. ढकलावा लागत नाही."

नऊ वर्षं नळी लावून बसलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल! मी त्याला वाटेत आणखी दोनदा गायला लावलं.

परत आल्यावर मी म्हणालो, "काढा तो पाय."

पाय शिकंज्यात धरला. गुडघ्याचा खिळा झिजून लंबगोल झाला होता. माझ्या पेटीत ब्रेकच्या दांड्यांसाठी ब्राँझच्या बुश, म्हणजे खिळा आत फिरतो त्या आखूड नळ्या, होत्या, त्यातली एक जवळपास बसली. आमच्या कारखान्यात बेअरिंग बसवतात तसं मी नवा खिळा निळा रंग लावून फिरवला. बुशला आतून निळा डाग पडला की तेवढंच खरवडायचं, पुन्हा रंग, पुन्हा फिरवणं. प्रोबर्ट गाडीच्या पायरीवर एका पायावर बसून मला दिवा धरत होता.

"आमच्या इस्पितळात हे दगडानं ठोकून बसवतात," तो म्हणाला.

"इस्पितळाकडे तीन वर्षांची हमी नसते."

आम्ही दोघं हसत होतो आणि तेवढ्यात दारात लेडी कॉर्फील्ड उभ्या.

त्यांनी शिकंज्याकडे पाहिलं. पँटच्या रिकाम्या पायाकडे पाहिलं. प्रोबर्ट दिवा घेऊन उठायला गेला, तोल गेला, मी त्याला सावरलं.

"बसा प्रोबर्ट," त्या म्हणाल्या. "हा आवाज तुमचा होता?"

"होय बाईसाहेब."

"घोड्यानं लाथ मारली त्याचा?"

"घोडा नव्हता बाईसाहेब. इप्रच्या लढाईत गेला."

बाईंचा चेहरा लाल झाला. "घोडा नव्हता! तो घोडा शेजारच्या कर्नल विन्स्टॅन्लींचाच असणार असं धरून मी त्यांना चार पानी पत्र लिहिलं होतं! असला घोडा बाळगणारा माणूस शिकारीला यायच्या लायकीचा नाही, असं लिहिलं होतं मी. दीड वर्ष ते माझ्याशी बोललेले नाहीत. चर्चमध्ये बाक बदललाय त्यांनी!"

प्रोबर्टनं मान खाली घातली. "मला ठाऊक नव्हतं बाईसाहेब. मी आजच सामान बांधतो."

"मी सामानाबद्दल काही बोलले का?" त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही. याला गाडी चालवता येते?"

"बाईसाहेब, मी चारशे शोफर तपासलेत. गिअर असा टाकणारा एकही पाहिला नाही. मी अहवालात पाय आहे तसा लिहिणार, आणि त्याखाली 'सक्षम' लिहून सही करणार."

 त्या प्रोबर्टपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "माझा धाकटा मुलगा इप्रलाच राहिला. तुम्हाला ठाऊक होतं?"

"होय बाईसाहेब. म्हणून तर आणखीच सांगवेना."

"मूर्ख माणूस आहात," त्या म्हणाल्या, आणि नाक पुसून पुन्हा ताठ झाल्या. "तो पाय बसवा. सहाला मला लडलोला पोचायचंय. येताना कर्नलांकडे थांबू. तुम्ही आत जाऊन सगळं सांगायचं. मी गाडीतच बसणार."

कर्नलनी काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही. पण जूनमध्ये मिसेस बेडोजनं मला शहाजिऱ्याचा केक पाठवला, त्यासोबतच्या चिठ्ठीत होतं, की कर्नल आता दर गुरुवारी जेवायला असतात आणि डुकराचं मांस पुरत नाही.

ट्रँटरसाहेबांनी माझा अहवाल दोनदा वाचला. 'दोष: चालकाचा डावा गुडघा. उपाय: बुश बदलली.' चष्मा काढून ते म्हणाले, "मी मॅनेजरना हे काय म्हणून दाखवू?" मग उठून स्वतःच आराखडे काढणाऱ्यांकडे गेले आणि क्लचची स्प्रिंग हलकी करता येईल का ते विचारून आले. पुढच्या मॉडेलला ती आली. लढाईतून अधू होऊन परतलेल्या बऱ्याच जणांनी त्यासाठी चौकशीची पत्रं पाठवली. त्यातली निम्मी उत्तरं मीच लिहिली.

आमच्याकडे शोफरांची शाळा होती. पुढच्या वसंतात दोन आठवडे शिकवायला साहेबांनी प्रोबर्टला बोलावलं. पहिल्याच तासाला त्यानं चौदा दणकट माणसांना ओळीत उभं करून इंजिनाबरोबर सूर लावायला सांगितलं. अख्खा कारखाना खिडक्यांतून डोकावत होता. मी त्यांच्या मागे उभा राहून हळूच सूर लावून पाहिला, माझा काही जुळला नाही.

त्या दोन आठवड्यांत लेडी कॉर्फील्डना गाडीवाचून करमेना. त्यांनी स्वतःच चाक हाती घेतलं. तिसऱ्या दिवशी कारखान्यात तार आली: 'फाटकाचा खांब मध्ये आला. स्पीकमनना पाठवा. येताना मडगार्ड आणावा.'