एथेलचं कॅल्शियम

"दूध, दूध आणि वर परत दूध! या घरात माणसं राहतात का म्हशीची पारडं?" फ्रिजमध्ये डोकं घालून मार्कस पुटपुटत होता. शेजारीच कांदा चिरणाऱ्या बायकोला, एथेलला, ते नीट ऐकू येईल इतकंच हळू.

"कॅल्शियमचं गावभर तूच पसरवलंस ना? मग पी आता," ती म्हणाली.

एथेलच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला, तेव्हा मार्कसनं तिच्या भाचीला, निकोलला, फोन लावला होता. निकोल एका प्रयोगशाळेत याच आजाराच्या पेशींवर काम करायची. हे होतं तरी कशानं, असं त्यानं विचारलं. तिनं पुष्कळ सांगितलं, आणि त्यातला एकच शब्द त्यानं उचलला. रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या अंगणात कुणीसं विचारलं, तर हा म्हणाला, "काही नाही हो, छातीत कॅल्शियमची गाठ धरलीय. काढून टाकणार."

झालं! मालाडच्या त्या अख्ख्या गावठाणानं एथेलच्या हाडांची काळजी वाहायला घेतली. कुणी अंडी आणली, कुणी दुधाच्या पिशव्या. शेजारच्या नेव्हिलच्या आईनं काट्यासकट खायची मांदेली तळून पाठवली. मार्कसच्या डोक्यात मात्र नेमकं उलटं बसलेलं. कॅल्शियमनंच घोळ केलाय म्हटल्यावर ते बायकोच्या पोटात जाता कामा नये. लोक आणत होते, तो फ्रिजमध्ये कोंडत होता आणि एथेल काळा चहा पीत होती.

खरा शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं. मार्कस 'ते' म्हणायचा. निकोल 'त्या पेशी' म्हणायची. एथेल स्वतः 'माझं हे' म्हणायची, जसं काही ते तिचं एखादं जुनं पाकीट होतं.

दुपारी निकोल आली आणि काळा चहा बघून भडकली.

"अंकल, डोकं फिरलंय का तुझं? दूध घाल तिला!"

"तूच म्हणालीस ना, कॅल्शियम..."

"पेशीच्या आतलं रे! चहातल्या दुधाचा काय संबंध? रक्तातलं कॅल्शियम शरीर आपलं आपण मापात ठेवतं." तिनं स्टूल ओढलं. "आंटी, आपल्या चर्चची घंटा एकच ना? सणाला कशी वाजते?"

"घाईघाईत. लग्नघरातल्या बायकांसारखी."

"आणि कुणी गेलं की?"

"एकेक टोला. थांबून थांबून."

"तसंच. पेशीत कॅल्शियम एरवी नसल्यात जमा असतं. बाहेर रोखलेलं, नाहीतर आतल्या कोठारात कोंडलेलं. क्षणभर दार उघडतं, ते उसळतं, दार परत बंद. हे किती वेळा, किती थांबून झालं, त्यावरून पेशीला निरोप कळतो. वाढ. थांब. किंवा, तुझं काम झालं, आता जा. त्या पेशींमध्ये दारंच बिघडलेली असतात. 'वाढ' तेवढं जोरात ऐकू जातं, 'जा' म्हटलेलं कानातच शिरत नाही."

"मार्कससारखं," एथेल म्हणाली.

निकोल हसली. प्रयोगशाळेत ती पेशींना एक रंग पाजते, मग कॅल्शियम उसळलं की पेशी लखकन उजळते, असं तिनं सांगितलं. कुठलं दार उघडंच अडकलंय ते सापडलं, तर ते बंद करणारं औषधही निघेल एखादं.

"केव्हा?"

"माहीत नाही गं. पण तुला त्याच्यासाठी थांबायचं नाहीये. तुझं लवकर सापडलंय. गुरुवारी काढतील, बरी होशील. डॉक्टरच म्हणालेत ना?"

एथेलनं चहात दूध ओतलं, चांगलं पांढरं होईपर्यंत. पहिला घोट घेताना तिला वाटलं, होऊ आपण बऱ्या. बऱ्या झाल्यावर कुणाला काय सांगायचीही गरज नाही. कॅल्शियम होतं, गेलं.

तेवढ्यात सुंदराबाई आली. समोरच्या चाळीत राहणारी, शाळेच्या कँटीनमध्ये काम करणारी, वीस वर्षांची मैत्रीण. हातात नाचणीच्या लाडवांचा डबा. ती एथेलला खेटून बसली आणि मार्कसकडे पाठ करून हळूच म्हणाली, "एक विचारू? तुझी ती गाठ दुखायची का गं?"

"नाही. का?"

"माझी पण नाही दुखत." सुंदराबाई चक्क हसली. "दिवाळीपासून आहे. काय घाबरले होते म्हणून सांगू! घरात कुणाला बोलले नाही. मग तुझं कळलं, कॅल्शियमचं. जीव भांड्यात पडला बघ. आता रोज दोन गोळ्या खाते, मेडिकलवाल्याकडून आणून. दवाखान्याचं झंझटच नको."

निकोलनं कप खाली ठेवला. तिनं एथेलकडे बघितलं. मार्कस फ्रिजला टेकून उभा होता. त्यानं अगदी बारीक मान हलवली. नको. चर्च, गावठाण, शेजारी, सगळे त्या मान हलवण्यात होते.

एथेलनं सुंदराबाईच्या मांडीवरचा डबा उचलून बाजूला ठेवला आणि तिचे दोन्ही हात धरले.

"सुंदरा, त्या गोळ्या फेकून दे. तुझी गाठ कसली आहे मला माहीत नाही, कदाचित काहीच नसेल. पण उद्या सकाळी तू माझ्याबरोबर माझ्या डॉक्टरकडे येतेस."

"कशाला गं? कॅल्शियमला एवढं..."

"कॅल्शियम नाही सुंदरा. मला कॅन्सर झालाय."